चार छटांचा इंजिनिअर : गुनपेई योकोई

साध्यातला साधा स्मार्टफोन घ्या, त्याच्या पडद्यावर १ कोटी ६७ लाखांच्या वर रंग दाखवायची सोय असते. लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ८ बिट, म्हणजे २ चा २४ वा घात. हे गणित आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. आता त्यातले फक्त चार ठेवा आणि बाकीचे पुसून टाका. तेही चार वेगवेगळे रंग नाहीत, एकाच शेवाळी हिरव्याच्या चार छटा! आता एवढ्या भांडवलावर डोंगर, ढग, समुद्र, पिरॅमिड, गुहा, रात्र, वीज, सगळं काढून दाखवा. आणि हो, पडद्याला आतून दिवा नाही.

१९८९ साली गेमची चित्रं काढणाऱ्यांपुढे हा कंपल्सरी प्रश्न टाकणारा माणूस म्हणजे निन्टेन्डो कंपनीचे गुनपेई योकोई. निन्टेन्डो म्हटलं की आपल्याला मारिओ आठवतो, आणि जरा जास्त माहिती असेल तर मारिओचे जनक शिगेरू मियामोतो. मियामोतो डिझाईनच्या बाजूचे. योकोई मात्र आपल्या जातीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. ज्या यंत्राने चार छटांची अट घातली ते गेम बॉय त्यांच्या विभागात जन्मलं. त्या अटीचा फायदा त्यांना मिळाला आणि पुढे तशाच एका अटीचा फटकाही बसला. त्यांची ही गोष्ट.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योतो शहरातला. शिक्षण तिथल्याच दोशिशा विद्यापीठात, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. मार्क काही डोळे दिपवणारे नव्हते. मोठ्या कंपन्यांनी नकार दिला आणि १९६५ मध्ये घराजवळच्या एका पत्त्यांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. (कॅम्पसमध्ये हुकलेल्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.) तो कारखाना म्हणजेच निन्टेन्डो! १८८९ पासून ही कंपनी 'हानाफुदा' नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवत होती. योकोईंचं काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशिनींची देखभाल. मशीन बिघडलं तर काम, नाहीतर दिवसभर रिकामटेकडेपणा.

या रिकामटेकडेपणात त्यांनी स्वतःसाठी एक खेळणं बनवलं. कात्रीसारखी घडी होणारी जाळी. मुठी जवळ आणल्या की पुढचा पंजा लांब जाऊन वस्तू पकडतो. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची एकदा कारखान्यात फिरताना त्यांनी ते पाहिलं. योकोईंना वाटलं, आता गेली नोकरी. यामाउचींनी सांगितलं की याचं प्रॉडक्ट करा. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' नावाने ते बाजारात आलं आणि दहा लाखांवर खपलं. मेंटेनन्सवाला माणूस एका रात्रीत खेळणी डिझाईन करणारा झाला.

१९६९ च्या 'लव्ह टेस्टर'चा उल्लेख टाळवत नाही. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात एकेक धातूचा गोळा धरायचा, आणि काटा सांगणार तुमचं प्रेम किती! आत होता तो आपल्या बेसिक इलेक्ट्रिकलच्या लॅबमधला गॅल्व्हानोमीटर. शरीरातून किती करंट जातो ते मोजायचं, बाकी सगळी स्केलवरच्या अक्षरांची करामत. तळहाताला घाम असेल तर प्रेम जास्त. मुलींचा हात धरायला निमित्त हवं हा त्यामागचा हेतू योकोईंनी पुढे स्वतःच कबूल केला.

यात त्यांची सगळी पद्धत दिसते. जे तंत्रज्ञान स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोड्या कळल्यात, ते घ्यायचं आणि भलत्याच जागी वापरायचं. या पद्धतीला त्यांनी जपानीत जे नाव दिलं त्याचा शब्दशः अर्थ होतो 'सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार'. सुकलेलं म्हणजे टाकाऊ नव्हे. मराठीत आपण लोणच्याला म्हणतो तसं 'मुरलेलं'.

सत्तरच्या दशकात जपानमध्ये कॅल्क्युलेटर कंपन्यांची जोरदार लढाई झाली आणि तिच्यात एलसीडी पडदा नि छोटी चिप दोन्ही मातीमोल झाले. अशात योकोईंना बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार दिसला, कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला. खिशात मावणारा, वेळ घालवणारा गेम का नको? १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आलं. त्याच्या एलसीडीत पिक्सेल नव्हते. कॅल्क्युलेटरमध्ये 8 च्या आकड्याचे सात तुकडे जसे जागेवर ठरलेले असतात, तशी माणसाची प्रत्येक पोझ आधीच कोरलेली. एक पोझ विझते, दुसरी पेटते, आपल्याला वाटतं माणूस पळाला. आपल्याकडे जत्रेत आणि एसटी स्टँडवर मिळणारा 'ब्रिक गेम' आठवतोय? तो याच घराण्यातला, लांबचा पुतण्या म्हणा.

या खेळात रंग कुठून आणणार? पडदा काळा सोडून काही दाखवू शकत नाही. उपाय साधा : पार्श्वभूमी छापायची. १९८१ पासूनच्या मॉडेल्समध्ये पडद्यावर जंगल, इमारत, समुद्र असं रंगीत चित्र कायमचं छापलेलं असे आणि त्यावर काळी पात्रं हलत. संगीत नाटकात मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा सोडतात, तसंच. मागचं चित्र स्थिर आणि रंगीत, पुढची हालचाल काळी. बॅटरीचा एक थेंबही रंगावर खर्च नाही. या मालिकेचे एकूण ४ कोटी ३४ लाख नग खपले. यातल्याच 'डाँकी काँग' (१९८२) साठी योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराचं दिशेचं बटण बनवलं. पुढच्या चाळीस वर्षांत तुम्ही जो कुठला जॉयस्टिक-पॅड हातात धरला असेल, त्यावर डाव्या अंगठ्याखाली बहुधा तेच किंवा त्याचं भावंड असणार.

मधल्या काळात घरच्या टीव्हीला जोडायचा फॅमिकॉम (बाहेरच्या देशांत एनईएस) आला आणि योकोईंचा विभाग त्याच्यासाठी गेम करू लागला. इथे रंग होते, पण रेशनवर. पार्श्वभूमीसाठी एका वेळी चार पॅलेट. प्रत्येकात तीन रंग आणि चौथा सगळ्यांना सामाईक. म्हणजे एकूण तेरा. शिवाय १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनाला एकच पॅलेट. झाड आणि आकाश एकाच चौकोनात आलं तर दोघांनी त्याच चार रंगांत संसार करायचा. योकोई निर्माते असलेला 'मेट्रॉइड' (१९८६) बघा. सामाईक रंग काळा ठेवला आणि सगळं जग परग्रहावरच्या गुहेत नेलं. काळा फुकटात मिळतोय, तर अंधारच गोष्टीचा भाग करून टाकला! दगडांच्या टाइल्स त्याच, पॅलेट बदलली की जागा वेगळी वाटते. माझ्या मते त्या पिढीतल्या गेममध्ये पार्श्वभूमीचा एवढा हिशेबी वापर क्वचितच कोणी केला असेल.

आता मुख्य प्रकरण.

१९८० च्या दशकाच्या शेवटी हातातलं, कॅसेट बदलता येईल असं यंत्र करायचं ठरलं. सुरुवातीला योकोईंच्या डोक्यात गेम अँड वॉचचीच सुधारलेली आवृत्ती होती. खऱ्या अर्थाने प्रोग्रॅम करता येणारं यंत्र हवं हा आग्रह त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांचा होता, आणि तो योग्यच होता. पण पडदा रंगीत नको, या मुद्द्यावर योकोई हटले नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा, की फळ्यावर दोन गोल काढून हा बर्फाचा माणूस आहे असं सांगितलं, तर बघणाऱ्याला तो पांढराच दिसतो. खेळ चांगला असेल तर रंग माणूस स्वतःच भरतो. बॅटरी मात्र स्वतः भरत नाही!

पण साधा पडदाही सरळ मिळाला नाही. शार्प कंपनीबरोबर ठरलेला पहिला पडदा जुन्या टीएन प्रकारचा होता. यामाउचींनी नमुना हातात धरला आणि यात काही दिसतच नाही म्हणून नापसंत केला. प्रकल्पच गुंडाळायची वेळ आली. शार्पची गुंतवणूक होऊन बसलेली. योकोईंची झोप उडाली, जेवण सुटलं. शेवटी त्या वेळी नव्याने येत असलेल्या एसटीएन पडद्याने मार्ग काढला. त्याचा कॉन्ट्रास्ट बरा होता, पण त्याच्यासोबत एक आनुषंगिक गोष्ट आली, ती म्हणजे स्वतःचा पिवळट-हिरवा रंग. गेम बॉयचा जो प्रसिद्ध 'वाटाण्याच्या सूपाचा' हिरवा म्हणतात, तो कुठल्या चित्रकाराने निवडला नव्हता. तो पडद्याच्या भौतिकशास्त्रातून आपोआप आला.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय १२,५०० येनला विक्रीला आलं. आता आतलं बघू, कारण खरी मजा तिथे आहे. प्रोसेसर ८ बिटी, ४.१९ मेगाहर्ट्झचा, इंटेल ८०८० आणि झेड-८० यांच्या कुळातला. म्हणजे आपण लॅबमध्ये ज्याच्यावर हेक्स कोड बडवत बसतो त्या ८०८५ चा चुलतभाऊच. पडदा १६० बाय १४४. एका पिक्सेलला दोन बिट, म्हणून छटा चार. पण पिक्सेल सुटे रंगवायचे नसतात. ८ बाय ८ च्या फरशा, म्हणजे टाइल्स बनवायच्या, एक टाइल १६ बाईट, आणि त्या फरशा लावून पडदा भरायचा. २० आडव्या, १८ उभ्या, एकूण ३६०. गोम अशी, की पार्श्वभूमीला एका वेळी २५६ च वेगळ्या टाइल्स वापरता येतात. म्हणजे पूर्ण पडदाभर न पुनरावृत्त होणारं चित्र काढणं सरळ मार्गाने शक्यच नाही. ढगाची एक टाइल तीन ठिकाणी लावा, विटेची एकच टाइल सगळ्या भिंतीला लावा. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारा, तो सांगेल सांधा कसा लपवायचा.

छायेचंही तसंच. चार छटांमध्ये पाचवी हवी असेल तर बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक फिकट-गडद ठिपके लावायचे. लांबून डोळा त्यांची मधली छटा करतो. वर्तमानपत्रातला फोटो याच तत्त्वावर छापतात. पण गेम बॉयवर ही युक्ती जपून वापरावी लागे. पडदा इतका मंद होता की चित्र सरकलं की मागे शेपूट राहायचं. स्थिर टायटल स्क्रीनवर बारीक ठिपके सुंदर दिसत, आणि पळत्या मारिओच्या मागे तेच ठिपके धूर होऊन जात. म्हणून यंत्रासोबतच आलेला 'सुपर मारिओ लँड' पाहिला तर पार्श्वभूमी जवळजवळ कोरी दिसते. पिरॅमिडच्या नुसत्या रेषा, थोडे ढग, बाकी मोकळं. याचे निर्माते योकोईच. पुष्कळ लोक याला गरिबी म्हणतात. मला तो शहाणपणा वाटतो, कारण गडद छटा पात्रांसाठी राखून ठेवल्यामुळेच तो इवलासा मारिओ दिसतो.

सगळ्यात देखणी गोष्ट आहे पॅलेट रजिस्टरची. पार्श्वभूमीच्या चार छटा कोणत्या, हे एकाच बाईटमध्ये लिहिलेलं असतं. दोन-दोन बिटचे चार कप्पे. नेहमीची किंमत ११ १० ०१ ००, म्हणजे हेक्समध्ये ई४. आता तिथे ९० लिहा, मग ४०, मग ००. प्रत्येक पायरीला सगळं चित्र एकेक छटा फिकं होत जातं आणि शेवटी पडदा कोरा. एकही टाइल न बदलता सूर्य मावळला किंवा दरवाजा बंद झाला! छटा उलट्या करा आणि क्षणभराने परत आणा, वीज चमकली. पूर्ण पडद्याचा डेटा ५,७६० बाईट. तो हलवण्याऐवजी एक बाईट बदलायचा. आपल्या मायक्रोप्रोसेसरच्या ओरलला हे उदाहरण कोणी दिलं तर एक्स्टर्नलने उभं राहून टाळ्या वाजवाव्यात.

रंग नसल्याने चित्रकारांना आकाराकडे वळावं लागलं. 'मेट्रॉइड २' (१९९१) मध्ये नायिकेचा नवा चिलखती पोशाख पहिल्या गेमसारखा रंगाने वेगळा दाखवणं शक्य नव्हतं, तेव्हा त्याला मोठे गोल खांदे दिले. ते खांदे आज रंगीत पडद्यावरही तिची ओळख आहेत. किर्बीचा किस्सा याहून गमतीचा. १९९२ मध्ये त्याचा पहिला गेम आला तेव्हा तो गुलाबी आहे हे त्याचा निर्माता सोडून फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि अमेरिकेतल्या डब्यावर बिचारा चक्क पांढरा छापला गेला.

बाजारात काय झालं? अटारी लिंक्स त्याच वर्षी आलं, रंगीत, आतून दिवा असलेलं. १९९० मध्ये सेगाचं गेम गिअर आलं, ४,०९६ पैकी ३२ रंग एका वेळी. दोघांनाही सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि चार-पाच तासांत ते संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या पुढे सहज चाले. किंमतही कमी. पुढे आलेल्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉयचे ११ कोटी ८६ लाखांहून जास्त नग विकले गेले.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं.

१९९५ मध्ये योकोईंनी 'व्हर्च्युअल बॉय' आणलं. डोळ्यांना लावायचा चष्म्यासारखा खोका, दोन डोळ्यांना दोन चित्रं, खरी खोली. अमेरिकेतल्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीचं तंत्र : प्रत्येक डोळ्यासाठी २२४ एलईडींची एक उभी ओळ आणि पुढे थरथरणारा आरसा, जो त्या ओळीला पसरून चित्र करतो. एलईडी फक्त लाल. कारण लाल स्वस्त आणि कमी वीज खाणारा. तेजस्वी निळा एलईडी नुकताच, १९९३ मध्ये, जपानमध्येच आला होता आणि तो अजिबात मुरलेला नव्हता. म्हणजे पुन्हा तोच हिशेब, काळा धरून चार छटा. या वेळी पार्श्वभूमी पूर्ण काळी, आणि योकोईंना ते आवडलंही होतं. काळ्यात पडद्याची कड दिसत नाही, म्हणून जग अमर्याद वाटतं.

कागदावर तर्क बरोबर आहे. पण गेम बॉयचा हिरवा आपण उजेडात, लांबून, मान हलवत बघतो. हा लाल डोळ्यांत घुसून बसायचा. डोकं दुखण्याच्या तक्रारी आल्या. खोका ना खिशात मावे ना घरातल्या इतरांना काही दिसे. जेमतेम पावणेआठ लाखांच्या आसपास नग बाहेर पडले आणि जपानमध्ये त्याच वर्षाच्या अखेरीला विक्री गुंडाळली. बर्फाच्या माणसाचा युक्तिवाद इथे का चालला नाही यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, माणूस मनातल्या मनात पांढरा भरू शकतो, पण समोर सतत पेटलेला लाल पुसू शकत नाही. हिरवट पडदा हळूहळू नजरेआड होतो. लाल होत नाही.

१५ ऑगस्ट १९९६ रोजी, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी निन्टेन्डो सोडलं. अपयशामुळे काढलं, अशी दंतकथा अजून फिरते. पन्नाशीनंतर स्वतःचं काहीतरी करायचं आधीपासून मनात होतं, असं त्यांनी स्वतः नंतर लिहून सांगितलं. जाण्याआधी त्यांचं 'गेम बॉय पॉकेट' बाजारात आलं होतं : छोटं, हलकं, आणि पडदा अखेर खरा करडा-काळा. हिरवा गेला.

क्योतोमध्येच त्यांनी 'कोतो' नावाची लहानशी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी नव्या हातातल्या यंत्रावर काम सुरू केलं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या होकुरिकु एक्स्प्रेसवेवर त्यांची गाडी एका ट्रकला मागून धडकली. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

वर्षभराने, ऑक्टोबर १९९८ मध्ये, निन्टेन्डोने गेम बॉय कलर आणलं. आता ३२,७६८ रंगांतून निवडायची सोय होती. त्यात जुनी कॅसेट घातली की यंत्र आपणहून तिच्या चार छटांना रंग द्यायचं, आणि सुरू होताना ठरावीक बटणं दाबली तर वेगळी पॅलेट मिळायची. त्यात एक पॅलेट निव्वळ करड्या छटांचीही होती, ज्यांना रंग नकोत त्यांच्यासाठी.

योकोईंचं शेवटचं यंत्र 'वंडरस्वान' ४ मार्च १९९९ रोजी ४,८०० येनला आलं. ते आडवं-उभं दोन्ही धरता येई आणि एकाच पेन्सिल सेलवर तीस तासांच्या आसपास चाले. सोबतच्या एका कोड्याच्या गेमला त्यांचंच नाव दिलं होतं, 'गुनपेई'. पडदा अर्थातच रंगीत नव्हता. छटा मात्र चारच्या आठ झाल्या होत्या.